टेबलावर चालणारा डायनमो

नागभीडजवळून, शनिवार

ती. मामाजी आणि मामीजी यांच्या पायांवर जावई अमरचं डोकं. ठेवलं आहे ते नमस्कारासाठीच, पण गाडीपायी ते आता वर उचलवतही नाही. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. जयाची कंबर बरी आहे, दोन म्हशींपैकी एक दूध देते, लाखोळीची काढणी चालू आहे आणि मी जिवंत आहे. तुमची तब्येत, मामीजींचे गुडघे आणि पुनमचा शिवणक्लास कसा आहे ते कळवावं. तुमच्या डोळ्यांचं मुद्दाम विचारत नाही. डोळ्यांचं नाव काढलं की तुम्ही फोन कट करता, म्हणून तर हे पत्र लिहावं लागलं. (पुनम, वाचून तूच दाखवत असशील. सावकाश वाच, आणि कंसातलं मनातल्या मनात वाच.) जया म्हणाली, बाबाले लिहून राह्यले तर शुद्ध लिहा. प्रयत्न करतो. राग आला की माझं शुद्ध सुटतं, तेवढं चालवून घ्यावं.

दिवाळीत तुम्ही मला तुमच्या माल वाहायच्या गाडीची किल्ली दिली तेव्हाचं तुमचं बोलणं आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्याच आठवड्यात तुम्ही मुलचेऱ्याच्या रस्त्यावर गाडी धानाच्या बांधीत उतरवली होती, आणि रस्ता सरकला असं सगळ्यांना सांगितलं होतं. डॉक्टरांनी डोळे पाहून सांगितलं की मोतीबिंदू पिकला आहे, आता जास्त दिवस ठेवला तर नजर परत आणणं आमच्या हातात राहणार नाही. त्यावर तुम्ही दवाखान्याच्या पायरीवरच म्हणालात, "पयले गाडी. गाडी सेल्फवर लागली का मंग माह्या डोळ्याचं पाहू." गाडी तेव्हा सेल्फवर लागतच नव्हती. तुम्ही ती वर्षभर उतारावर लावत होता, गडगडवून सुरू करत होता आणि त्याला सवय म्हणत होता. तर ही सवय, ही गाडी आणि तुमचे डोळे, असं सगळं एकदम माझ्या गळ्यात आलं.

आता उताराचं सांगतो. तुमच्याकडे उतारच उतार. आमचं गाव सपाट. बांधीत पाणी उभं राहावं म्हणून देवानं रंधा मारून ठेवलेलं. अख्ख्या गावात उतार एकच, तलावाच्या पाळीचा, म्हणून गाडी पाळीवर झोपते. तिथं ढिवरांची जाळी वाळतात, बायका धुणं धुतात, आणि रोज सकाळी मी किल्ली घेऊन तिकडे निघालो की लोटा घेऊन निघालेल्या माणसाकडे पाहावं तसं लोक पाहतात आणि नजर फिरवतात. सुरुवातीला चार जण धक्का मारायला यायचे. आता मला दुरून पाहिलं की लोकांना शेतातली कामं आठवतात.

पहिले वाटलं बॅटरी गेली. बॅटरीवाल्यालाही तसंच वाटलं, त्याला दुसरं काही वाटण्याचं कारण नव्हतं. नवी बॅटरी बसवली. गाडी अशी लागली की जयानं नारळ फोडला. पुढच्या बाजाराच्या दिवशी तीच नवी बॅटरी टकटक करून गप्प झाली. मग गाडी लोटत नागभीडला दसरू मिस्त्रीकडे नेली. दसरूनं बोनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि एखाद्याच्या घरचं वाईट कळवावं तशा आवाजात सांगितलं की अल्टरनेटर काम करत नाही. अल्टरनेटर म्हणजे आपला डायनमो, नव्या पोरांसमोर त्याला तसं म्हणावं लागतं. त्यानं समजावलं की इंजिन डायनमोला फिरवतं, डायनमो बॅटरी भरतो, आणि बॅटरी सकाळी सेल्फ फिरवते. साधा संसार आहे. इथं डायनमो कमवत नाही आणि बॅटरी बिचारी साठवणीतलं खाऊन राह्यली. हे ऐकून जयानं डायनमोकडे पाहायचं सोडून माझ्याकडे पाहिलं.

दसरूनं बेल्ट ढिला होता तो आवळला. डायनमो खोलला, कार्बन बदलले, आतली प्लेट बदलली आणि टेबलावर लावून फिरवला. मामाजी, काय सांगू, टेबलावर त्यानं असा दिवा पेटवला की दुकानातल्या सगळ्यांचे चेहरे उजळले. गाडीत बसवला, तर काहीच नाही. पुन्हा काढला, टेबलावर पुन्हा लखलख. पुन्हा गाडीत, पुन्हा मेला. बाहेर वाघ अन् घरात शेळी म्हणतात तसा प्रकार. (आमच्या भागात वाघाचं नाव जपून घ्यावं लागतं, तो ऐकायला जवळच असतो.) शेवटी दसरू म्हणाला, रस्त्यावर नेऊन पाहू. ब्रह्मपुरीच्या मोकळ्या रस्त्यावर त्यानं गाडी अशी पळवली की मी देवाचं नाव घेतलं, आणि तिथं डायनमोनं बॅटरी भरायला सुरुवात केली. डॉक्टरपुढं उड्या मारणारं पोर घरी येऊन पुन्हा तापानं फणफणतं, तसं गावात आल्यावर पुन्हा तेच. दसरूनं हात टेकले. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, जावईबुवा, तुमचा पाय जड आहे, गाडी घाबरून राह्यली. (पुनम, माझा पाय जड नाही. तुझ्या बाबांचा हट्ट जड आहे.)

यानंतर जे झालं ते लिहायची माझी इच्छा नाही, पण गावानं तुमच्या कानावर घातलंच असेल. आमच्या शेजारचे पत्रूभाऊ, त्यांची आई रुखमाबाई वारली. भरपूर जगून, नातवंडं पाहून गेली. मयतीला वैनगंगेवर न्यायला आपलीच गाडी. जाताना ठीक गेलो. सगळं आटोपलं, लोकांनी अंघोळी केल्या, ओल्या कपड्यांनी गाडीत बसले. मी किल्ली फिरवली. टक. घाटाचा चढ समोर, नदी मागं. गाडी नुसती मागं सोडली असती तर उलट्या गिअरमध्ये एका झटक्यात लागली असती. मी तसं म्हणालो. पत्रूभाऊ म्हणाले, मसणातून निघाल्यावर मागं पाहाचं नाई. गाडीनं मागं जाणं म्हणजे मागं पाहणंच झालं. बाकीच्या म्हाताऱ्यांनीही माना हलवल्या. मग नुकतेच रडून मोकळे झालेले ते लोक ओल्या धोतरांनी खाली उतरले आणि चढावर गाडी लोटू लागले. थोडं चढलो की गाडी सरकायची, आणि सगळे समोर पाहत मागं यायचे. नदीला पाय लागायची वेळ आली तरी एकानं मान वळवली नाही. पत्रूभाऊ धापा टाकत म्हणाले, "माय सुटली, आपून अटकलो."

शेवटी रेतीच्या ट्रॅक्टरनं दोर बांधून ओढलं. घरी येताना मला रडू आवरेना. लोकांना वाटलं रुखमाबाईसाठी, कोणी पाठीवर हातही ठेवला. मला रुखमाबाईचं दुःख होतंच, पण रडत होतो ते तुमच्यासाठी. ही गाडी जितके दिवस अशी पडेल तितके दिवस तुम्ही डोळे दाखवणार नाही, आणि एक दिवस गाडी लागेल तेव्हा ती पाहायला नजर उरलेली नसेल, असं सारखं मनात येत होतं. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, गाडीचा मिस्त्री नाही, मी धान वाहणारा माणूस आहे. दोन्हीचं ओझं माझ्यावरच का, असं मी त्या दिवशी देवाला विचारलं. 'का' नाही, 'काऊन' असंच विचारलं. देवाशी शुद्ध बोलायची मला सवय नाही.

आता मुद्द्यावर येतो. मंगळवारी जया दुपारचा डबा घेऊन पाळीवर आली आणि केबिनमध्ये बसली. लहानपणी ती तुमच्या शेजारी जिथं बसायची तिथंच. तिला गाडीचा रोग दाखवावा म्हणून मी किल्ली फिरवली. तिनं टकटक ऐकलीच नाही. ती समोरच्या डॅशबोर्डकडे पाहत होती. म्हणाली, "बाबा किल्ली फिरवत तं इथी लाल दिवा लागे. गाडी सुरू झाली का विझे. तो कुठी गेला?" जिथं बोट दाखवलं तिथं देवीचं चिकटवलेलं चित्र होतं. मी रोज त्याला नमस्कार करत होतो. जयानं देवीची माफी मागून नखानं चित्र सोलून काढलं. खाली नुसतं भोक. आत हात घातला तर दोन वायरी, दोन्हीची तोंडं पट्टीनं नीट बंद केलेली, आणि पट्टी सुटू नये म्हणून वरून पांढऱ्या दोऱ्याची गाठ. ती गाठ कोणाची, हे तुम्ही बांधलेल्या मामीजींच्या मच्छरदाणीला रोज हात लावणारं कोणीही सांगेल.

दसरूला बोलावलं. भोक पाहिल्याबरोबर तो पाळीवर मटकन खाली बसला. म्हणाला, एवढे दिवस मी डायनमोले शिव्या देऊन राह्यलो. किल्ली फिरवली की बॅटरीतला इवलासा करंट त्या लाल दिव्यातून डायनमोकडे जातो आणि त्याला जागं करतो. दिवा नाही तर करंट नाही, करंट नाही तर डायनमो झोपलेलाच. टेबलावर त्याला दसरूच करंट देत होता म्हणून तो जागा व्हायचा, आणि गाडी फार जोरात पळवली तरच आपोआप डोळे उघडायचा. (म्हणजे पुनम, पाय जड असता तर गाडी कधीच लागली असती. माझा पाय हलका निघाला.) दसरूनं दिवा बसवला, चार्ज केलेली बॅटरी ठेवली. किल्ली फिरवली, लाल दिवा लागला. सेल्फ मारला, गाडी सुरू झाली, दिवा विझला. ढिवरांनी जाळी सोडून टाळ्या वाजवल्या.

मले पयले रागच आला. वाटलं, सासऱ्यानं जावयाची खोड काढली. दिवा स्वतः काढाचा, वर देवी चिकटवाची, अन् आम्ही गावभर लोटत फिराचं. पण जया गाडीतून उतरेना. मग म्हणाली की मागच्या पावसाळ्यात मी माहेरी गेले होते तेव्हा बाबा टीव्हीचा लाल ठिपकाही दुपट्ट्यानं झाकायचे. डोळ्यात पसरते, म्हणायचे. तेव्हा बेल्ट ढिला होता, डायनमो नीट फिरत नव्हता, म्हणून गाडीतला दिवा विझत नसणार. अख्खा रस्ता तुमच्या डोळ्यांत लाल पसरत असणार, आणि तुम्ही डोळे दाखवायच्या ऐवजी दिवाच उपटला. म्हणजे मामाजी, डोळ्यापायी गाडी बिघडली, अन् गाडीपायी डोळे थांबले. हे उमगल्यावर जया तिथंच बसून रडली. गाडीचं तिला काही नव्हतं. वर्षभर तुम्ही समोरचं न दिसता गाडी चालवली, शेजारी मामीजी आणि पुनमला बसवून भामरागडपर्यंत गेलात, हे तिला आत्ता कळलं होतं. मीही डबा तसाच ठेवून तिच्याजवळ बसलो.

तर गाडीचं वर्तमान असं आहे. कमीजास्त लिहिलं असेल तर ते गाडीच्या माथी मारावं आणि जावयावर लोभ ठेवावा. मामीजींना नमस्कार, पुनमला आशीर्वाद.

आपला
अमर

ता. क. गाडी आता सपाटावरही सेल्फवर लागते. विश्वास बसणार नाही, म्हणून बुधवारी घेऊनच येतो. तुम्ही शेजारी बसा, इंजिनचा आवाज ऐका, काय चुकतं ते सांगा. तसेच आमच्याकडे चार दिवस राहा. जया लाखोळीची भाजी करेल.

ता. क. (पुनम, हे बिल्कुल मोठ्यानं वाचायचं नाही.) गाडी आमच्याकडे येणार नाही, सरळ चंद्रपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात जाईल. गुरुवारचा नंबर लागला आहे. मामीजींना हळूच सांग, बाबांची धोतरं आणि चादर पिशवीत भरून ठेव. पिशवी कशाची विचारलं तर लाखोळीसाठी आहे म्हण. पुढं काय लिहिलं विचारलं तर डायनमोचंच आहे म्हण.

ता. क. मामाजी, वरचं पुनमनं वाचलंच असेल. वाचलं नसेल तर ती गप्प झाली असेल, आणि ती गप्प झाली की तुम्हाला सगळं कळते. म्हणून आता सरळच लिहितो. तुम्हाला डॉक्टरचं भेव नाही. डोळे बरे झाले तरी गाडी जावयाकडेच राहील अन् तुम्ही खाटेवर, याचं भेव आहे. तसं मनात ठेवू नका. डॉक्टर हो म्हणाले का गाडी परत घेऊन जा. माझ्याच्यानं होत नाही, मले धान बैलगाडीनं नेता येते. जया मात्र रोज रात्री उठून बसते. बाबाले मी नीट दिसली तरी असंन का मागच्या दिवाळीत, असं मले विचारते. मी काय सांगू? बुधवारी या. अन् डोळ्यावरची पट्टी सुटली का पयले तिच्याकडे पाहा. गाडी कुठी जात नाई.