वाढत्या अंगाचा पलंग

प्रिय दादा,

तीन पत्रांना उत्तर आलं नाही तर चौथं लिहू नये, एवढा स्वाभिमान माझ्यात असायला हवा होता. पण टाचणी हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा टोचणं आलंच. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. दुकानात मशीनवर आता मी बसते, बाबा फक्त कापतात. सुईत दोरा ओवायला मला हाक मारतात आणि मी ओवून दिला की हल्ली दोराच जाड येतो म्हणतात.

परवा जेवणाच्या टेबलाची बटणं बदलली. हे वाक्य दुसऱ्या कुणाला लिहिलं असतं तर मुलीचं डोकं फिरलं म्हणाला असता. बाबा सुतारकाम कुणाकडे शिकलेच नाहीत, म्हणून घरातलं सगळं लाकूड त्यांनी कपड्यासारखंच शिवलं. टेबलाचे दोन भाग, मधे चामड्याच्या पट्ट्या आणि मुठीएवढी लाकडी बटणं. पाहुणे आले की बटणं सोडायची आणि मधे फळी घालायची. कपाटाला दारांऐवजी जाड कापड आणि त्यावर कोटासारखे खिसे. त्यात चष्मे, कात्र्या, तुझे कंगवे. खुर्च्यांसाठी तर त्यांनी आपल्या चौघांना उभं करून, बसवून, गुडघ्याला नि कोपराला टेप लावून मापं घेतली होती. आईची बुटकी, बाबांची उजव्या हाताला जरा उंच. ज्याची त्यालाच व्हायची. मावशी एकदा आईच्या खुर्चीत बसली आणि उठताना खुर्चीसकट उठली. तू हसून हसून जमिनीवर लोळलास, आणि तिने पुढे वर्षभर आपल्याकडे पाऊल टाकलं नाही.

तुझा पलंग मात्र सगळ्यात नामी. वाढत्या अंगाचे कपडे शिवतात तसा तो वाढत्या अंगाचा पलंग. दर वाढदिवसाला पायथ्याची पाटी काढायची, तीन बोटं रुंदीची फळी जोडायची, पाटी पुन्हा ठोकायची. त्याआधी तू उताणा पडून माप द्यायचास आणि पावलं ताणून उंची वाढवायला बघायचास. बाबा टाचेवर टिचकी मारायचे. मला तुझा भारी हेवा वाटायचा. माझा पलंग दुकानातून आणलेला होता, तो कधी वाढला नाही.

मग तुझे मित्र घरी आले, टेबलाच्या बटणांवरून खो-खो हसले आणि तुला आपलं घर खुपायला लागलं. तुझं चुकलं असं मला वाटत नाही. त्या वयात मलाही वाटलं असतं. पण एकोणिसाव्या वर्षी, दुकानात बसायचा विषय निघाला तेव्हा, तुमच्या मापाचं आयुष्य मला नको असं तू म्हणालास, आणि मग या घराची पायरी चढू नकोस असं बाबा म्हणाले. दोघांचंही बोलणं नेमकं लागलं आणि तू निघून गेलास. मी दाराआड उभी होते, चौदा वर्षांची. मी मधे पडायला हवं होतं. पडले नाही, याची मला अजून लाज वाटते.

आता लिहितेय ते लिहू नकोस असं आईने बजावलंय. तू गेल्यावरही बाबांनी फळी जोडणं थांबवलं नाही. दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला दुपारी दुकान बंद करून घरी येतात, पाटी काढतात, तीन बोटं जोडतात, पाटी ठोकतात, चहा पिऊन परत जातात. तुझ्याबद्दल अवाक्षर नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे तुम्हा दोघांकडे बघून कळतं. अशा दहा फळ्या झाल्या. खोलीचं दार आता अर्धंच उघडतं. केर काढायला आई अंग चोरून आत शिरते आणि यात आता उंट आणून झोपवा म्हणते. माणूस एकोणीसनंतर कितीसा वाढतो, असं मी एकदा धीर करून बाबांना विचारलं. ते म्हणाले, माप हाताशी नसलं की सैल कापावं. सैल झालेलं आत घेता येतं, तोकडं पडलं तर काय करणार. आणि पुन्हा हातोडी उचलली.

मागच्या मंगळवारी तू तीस वर्षांचा झालास. बाबा फळी घेऊन आले, पाटी काढली आणि पुढे भिंतच आहे हे त्यांच्या लक्षात आलं. बोटभरही जागा उरली नव्हती. फळी मांडीवर घेऊन ते बराच वेळ तुझ्या पलंगावर बसून राहिले. मला वाटलं, आता हा माणूस भिंत फोडायला गवंडी बोलावणार.

संध्याकाळी दुकानात येऊन म्हणाले, पलंग कमी करावा म्हणतो, त्याची उंची विचारून घे. मी मशीनवर पाठमोरी होते म्हणून बरं. मापाची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली, आकड्यांना जागा सोडून. ती सोबत ठेवलीय, नीट बघ. उंची पहिल्याच ओळीत आहे. पण त्याखाली खांदा आहे, छाती आहे, बाहीची लांबी आहे, गळा आहे. ताकाला जाऊन भांडं लपवतोय हा माणूस, असं आई म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. पलंगाला गळ्याचं माप कशाला लागतं, दादा? पायरी चढू नकोस असं एकदा म्हणून बसलेत, त्यांना ये म्हणता येत नाही, म्हणून मी म्हणतेय. चिठ्ठी भरून पोस्टात टाकलीस तर मी ती फाडून टाकीन. कोरीच घेऊन ये. मापं ते घेतील.

तुझीच,
टाचणी