पाव्हण्याले कुठं निजवावं

१ डिसें., सोमवार. अमडापूर
दुपारी पाव्हणा घरी आला. धाकटी लेक सुजाता, तिचं पहिलं बाळंतपण. दिवस भरायच्या आधीच झाला म्हणून बुलढाण्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवला होता. आता दूध ओढतो. मूठ माझ्या अंगठ्याएवढी.
निघताना सिस्टरनं दारातच सांगितलं: आईच्याच खोलीत, पण अंथरूण वेगळं, सपाट अन् कडक. पाठीवर निजवा. उशी नको, झोळी नको, खोलीत शेगडी नको. शांतानं सगळ्याला मान डोलावली. घरी आली, पाय धुतले, अन् पेटीतून जुनं हिरवं लुगडं काढून झोळी बांधली.
म्हटलं, "अवं, सिस्टर काय म्हणे?"
"तिले किती लेकरं हायेत?"
चार वाढवली बाईनं. बायकोपुढं काय बोलणार.

२ डिसें., मंगळ.
थंडी. घरात दोन पक्ष. शांता म्हणते झोळी. सुजाता म्हणते माझ्या कुशीत, पलंगावर.
"अन् तुले झोप लागली तर?"
"मले झोप येतच नाही बाबा. मी जागीच असते."
एवढं बोलली अन् भिंतीला टेकून तशीच झोपली. हातात चहा. कप हळूच काढून घेतला.
सारी उमर एस.टी. चालवली. डुलकी लागलेला ड्रायव्हर कधी कबूल करत नाही. खोटं बोलतो असं नाही, त्याला खरंच वाटते आपण जागे होतो. पोरीला हे सांगावं का? सध्या काही बोललं की रडते. पाहू.

४ डिसें., गुरु.
आज अक्षर खराब.
सु. आंघोळीला गेलेली. मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो. आत शांता झोका देत गाणं म्हणे. पोर निजलं तशी ती चुलीपाशी गेली. थोड्या वेळानं आतून बारीक घुरघुर, मांजरीच्या पिलासारखी. मग तीही बंद. उठून पाह्यलं. झोळीत पोर गोळा होऊन खाली सरकलेलं, हनुवटी छातीत रुतलेली, ओठ निळे.
मी नुसता उभा. "अवं" एवढंच निघालं तोंडातून.
सु. ओल्या केसांनी धावत आली, उचलला, मान सरळ केली, पाठ चोळली. रडला. एवढं गोड रडणं जन्मात ऐकलं नव्हतं.
जीप करून चिखलीला. डॉक्टर म्हणे आता ठीक आहे. लहान लेकराला मान सावरत नाही, झोळीत ती मुडपते अन् श्वास अडकतो. त्यात हा कमी दिवसांचा. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.
येताना शांता पुढं ड्रायव्हरपाशी बसली, पोरापासून दूर.

५ डिसें.
उठलो तर झोळी सुटलेली. लुगडं घडी घालून पेटीत. शांता जेवली नाही. पोराला हात लावत नाही, उंबऱ्यातूनच पाहते.
"माह्या हातानं गेला असता," एवढंच म्हणाली.
दिवेलागणीला सुजातानं पोर सरळ तिच्या मांडीवर ठेवलं.
"धर."
"मले नको देऊ त्याले."
"आई, मले दोन घास खाऊ दे. धर." अन् पाठ करून ताटावर बसली. एकदाही मागं वळून पाह्यलं नाही. एवढा विश्वास कुठून आणला पोरीनं, कळत नाही. शांता पदरात तोंड घालून रडत होती, पण हात पोराभोवती घट्ट. तेवढ्यात पाव्हण्यानं मांडीवर शू केली. मग हसली.

७ डिसें., रवि.
सुजाताला शेवटी सांगितलं. डुलकीचं. डेपोतल्या एका ड्रायव्हरची गाडी शेतात गेली होती, तो शेवटपर्यंत म्हणे मी जागा होतो. कोणी मेलं नाही, पण.
तिनं ऐकून घेतलं. "म्हणजे बाबा, मी झोपेत त्याच्या अंगावर…"
ठरलं. वेगळं अंथरूण, तिच्या पलंगाला लागून, हात पुरेल असं. सुताराकडं जाऊन लहान पलंग सांगितला. चारी बाजूंनी कठडा, पट्ट्या जवळजवळ. तो म्हणे नक्षी काढू का. म्हटलं लेकराचं डोकं अडकणार नाही एवढं पाहा, नक्षी राहू दे.

१० डिसें., बुध.
चिखली, गादीवाला.
"नातवाची गादी हाय न काका? मस्त मऊ भरतो."
"कडक भर."
"काऊन? लेकरू हाय का पैलवान?"
"कडक भर बे. दाबली तर बोट रुतलं नाही पाह्यजे."
मान हलवत भरली त्यानं. घरी शांतानं तळहातानं दाबली, मग कोपरानं. "हाव, जमते." लगेच बसून पांढरी खोळ शिवली, एक सुरकुती नाही.

११ डिसें.
पाव्हणा नव्या गादीवर पाठीवर, दोन्ही हात डोक्यावर टाकून. निवडून आल्यासारखा. तिघंही कठड्याला धरून पाहत बसलो. भात करपला.

१८ जाने., रवि.
नामकरण. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं सम्यक. अंगानं भरला आता. माझ्या तोंडी अजून पाव्हणाच येते.
उंद्रीहून जावई अमोल अन् त्याची आई आले. ईहीणबाई मनानं चांगल्या. नातवासाठी स्वतः गोधडी शिवलेली, संगं मऊ गादी, उशी, कापडाचं अस्वल. जेवताना म्हणाल्या, "आमच्या घरी झोळी बांधून ठेवली. सुती साडी, नवी कोरी."
मी ताटात पाह्यलं. सुजाता तोंड उघडणार, तोच शांता म्हणाली, "झोळीत नका टाकू त्याले."
"काऊन?"
सगळ्या पंगतीपुढं सांगितलं तिनं. लुगडं, चूल, निळे ओठ, सगळं. काही लपवलं नाही. हातातला घास तसाच.
ईहीणबाई म्हणाल्या, "तुमचं ध्यान नसन. माह्या नजरेखालून लेकरू हलत नाही."
"माह्यंही ध्यानच होतं," शांता म्हणाली, अन् उठून भाजी वाढायला लागली.
अमोल मोबाईलमध्ये पाहत होता.

८ फेब्रु., रवि.
सुजाता सासरी गेली. पाव्हण्याचा पलंग जीपच्या टपावर बांधला, गाठी मी स्वतः मारल्या.
अमोल म्हणे, "बाबा, मी समजावतो आईले."
सु. म्हणे, "समजावायचं मी पाहीन. तुम्ही फक्त माह्या बाजूनं उभे राहा."
मान हलवली त्यानं. पण पाह्यलं जमिनीकडं. वाईट पोरगा नाही. आईपुढं आवाज निघत नाही त्याचा. माझा कुठं निघे.
घर एकदम मोठं झालं.

९ फेब्रु., सोम.
सु.चा फोन लागत नाही. सकाळी अमोलचा आला.
"निजला होता का नीट?"
"मस्त निजला बाबा."
"कुठं?"
"निजला न. आईनं गाणं म्हटलं, लगेच निजला." मग आवाज तुटत गेला.
शांता समोर उभी. "कुठं निजला म्हणे?"
"ईहीणबाईनं गाणं म्हटलं, लगेच निजला म्हणे."
तिनं विचारलं नाही परत. ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी, दोन लुगडी पिशवीत भरली. म्हटलं मीही येतो. "नको. तुम्ही आले म्हंजे ईहीणबाईले वाटन भांडाले आले."
"अन् तू?"
"मी नाही भांडत. त्याच्यापाशी बसून राहीन. त्या म्हणतीन जा, तरी बसीन. त्यायचाही नातू हाय, माह्याही हाय."
स्टँडवर बसवून दिलं. खिडकीजवळची जागा भेटली. गाडी निघाली तेव्हा मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून समोर पाहत होती.
आता दिवस कलला. फोन हातातच आहे. अजून काही नाही.