दाढोबाचा मागचा अर्धा भाग

चि. भाचीबाईंस,

मामाचे आशीर्वाद. या वेळी नेहमीपेक्षा जास्त पाठवतोय, पत्र संपेपर्यंत पुरवून वापर. तुझी सर्दी गेली असेल, नव्या घराची किल्ली हातात आली असेल आणि प्राणी ठेवायला दिलेली परवानगी घरमालकाने अजून मागे घेतली नसेल, अशी आशा करतो (शेवटच्या बाबतीत मनापासून आशा करत नाही, पण विचारायची रीत म्हणून लिहिलं). इकडे सगळं ठीक. तुझ्या मामीचा गुडघा ठीक. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी ठीक, फक्त क्लच शेवटच्या घटका मोजतोय, पण तो मी स्कूल काढल्यापासून मोजतोय. राहता राहिला तू आमच्याकडे ठेवून गेलेला दाढीवाला सरडा. (तू त्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतेस. तुझ्या मामीने पहिल्याच दिवशी त्याचं दाढोबा केलं आणि विषय संपवला.) तो खातो, झोपतो, दिव्याखालच्या दगडावर पोट टेकून शेकत बसतो. तब्येत उत्तम आहे. लांबीचा तब्येतीशी काही संबंध नसतो, असं डॉक्टरही म्हणाल्या.

आता तू म्हणशील, कसली लांबी आणि कुठल्या डॉक्टर? म्हणूनच फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर तू मध्येच बोलतेस. त्यातून व्हिडिओ कॉल असला की तुला आधी दाढोबा दाखवावा लागतो. तुझ्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण गेल्या काही कॉलांत मी तुला त्याचा फक्त पुढचा अर्धा भाग दाखवत होतो. मागच्या अर्ध्यापुढे कधी मामीची पर्स होती, कधी कुंडी, आणि एकदा ऐन वेळी काहीच सापडेना म्हणून मी स्वतःच आडवा झालो होतो. तेव्हा तू विचारलंस, मामा, तुमची पाठ दुखतेय का. मी हो म्हणालो. पाठ उत्तम आहे.

तर झालं असं. तुला माहीत आहे, रोज सकाळी पहिल्या शिकाऊ गिऱ्हाइकाला घ्यायला निघण्याआधी मी दाढोबाच्या काचेच्या पेटीपुढे उभा राहायचो, आणि तो पुढचा एक हात उचलून हवेत सावकाश गोल फिरवायचा. मला टाटा करायचा. मीही त्याला टाटा करायचो. हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं. न्हाव्याला सांगितलं, पेट्रोल पंपावर सांगितलं, शेजारच्या आजोबांना तर घरात आणून दाखवलं. इतकी वर्षं संसार करून जी गोष्ट मला दारात कोणी केली नाही, ती एक सरडा करत होता (हे वाक्य मामीला वाचून दाखवू नकोस). त्या सकाळी मी त्याला कोबीचं पान दिलं, टाटा केला आणि पेटीची सरकती काच सरकली. मामीचं म्हणणं असं की काच आपोआप सरकत नाही, ती कोणीतरी सरकवावी लागते. असेल. मुद्दा असा की काच पुढे गेली आणि दाढोबाची शेपूट अजून बाहेर होती.

जन्मभर मी लोकांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. मागे बघितल्याशिवाय काही हलवायचं नाही. तुलाही शिकवली होती, तेव्हा तू माझं मडगार्ड चेपवलं होतंस आणि मी काही बोललो नव्हतो. (बोललो होतो, पण मडगार्डाच्या मानाने कमी.) त्याला ओरडता येत नाही, त्यामुळे त्याच्या वाटचंही मीच ओरडलो. त्याची दाढी फुगून कोळशासारखी काळी झाली, आणि लायसन्सची परीक्षा घेणारे साहेब गाडी बंद पडल्यावर जसे बघतात, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

इथे माझा एक गैरसमज आडवा आला. शेपटीच्या टोकाला जखम होती, जरा वाकल्यासारखं झालं होतं. मामी म्हणाली, डॉक्टरकडे न्या. मी म्हटलं, कशाला? भिंतीवरच्या पालीची शेपूट तुटली की नवी येत नाही का? हा तर पालीचा थोरला भाऊ, याला चांगली जाडजूड येईल. हे मी इतक्या ठामपणे सांगितलं की मामीला ते पटलं, आणि लग्न झाल्यापासून असा प्रसंग कमीच आलाय, म्हणून मलाही पटलं. मग मी रोज चष्मा लावून टोकाशी कोंब फुटलाय का ते बघू लागलो. कोंब काही फुटेना. टोक मात्र काळं पडत चाललं, आगपेटीतली जळकी काडी असते ना, तसं. शेवटी मामीनेच एकदा वाकून बघितलं आणि म्हणाली, अहो, हे उगवत नाहीये, हे वाळतंय. एवढं बोलून तिने माझ्या हातातला चहा काढून घेतला आणि गाडीची किल्ली ठेवली.

ती वेळ माझ्याकडे गाडी शिकणाऱ्या गणिताच्या बाईंची होती. शाळेत अख्ख्या वर्गाला गप्प बसवणाऱ्या बाई स्टिअरिंगवर बसल्या की प्रत्येक वळणावर माझ्याकडे बघतात. वळू का? आता वळू का? रस्त्याकडे बघायचं राहूनच जातं. परीक्षेत त्या दर वेळी याच कारणाने नापास होतात. त्या दिवशी मी शेजारी बसलो ते मांडीवर टॉवेल आणि टॉवेलात दाढोबा घेऊन, मामी मागच्या सीटवर. बाईंनी एकदा बघितलं, पांढऱ्याफटक पडल्या, आणि त्यानंतर दवाखाना येईपर्यंत मान म्हणून माझ्याकडे वळवली नाही. समोर रस्ता, मागे आरसा, बस. इतकी सुरेख गाडी त्यांनी जन्मात चालवली नव्हती. दवाखान्यापुढे दोन गाड्यांच्या मधल्या जागेत एका दमात लावली. पुढच्या परीक्षेला दाढोबाला नेता येईल का, असं त्या विचारत होत्या.

डॉक्टर तुझ्याच वयाच्या. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं आणि सांगितलं, काका, या जातीची शेपूट परत येत नाही. मेलेला भाग काढावा लागेल, नाहीतर ते वर वर चढत जाईल. मी विचारलं, चढलं तर? त्या म्हणाल्या, उशीर झालाय, पण बघू. मग त्याला भूल द्यायला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलेला एक कुत्रा होता. त्याच्या मालकिणीने मला विचारलं, तुम्ही पायाने काय करताय? बघतो तर माझा उजवा पाय फरशी दाबत होता, शिकाऊ माणूस चुकला की शेजारचा ब्रेक दाबतात तसा. भाचीबाई, मी घाबरलो होतो. तुला काय तोंड दाखवू, ही भीती होतीच, पण ती नंतरची. तो आतून परत येतो की नाही, याची जास्त होती.

आला. दोन बोटं शेपूट कमी आणि टाके घालून आला. मामीने त्याला टॉवेलात घेतलं. मला बरं वाटावं म्हणून मी डॉक्टरांना सांगितलं की हा रोज मला टाटा करतो. त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, हात फिरवणं म्हणजे टाटा नव्हे, काका. तो म्हणत असतो, मी लहान आहे, मला काही करू नका. आणि तुम्ही काय करता? मी म्हटलं, मीही हात हलवतो. म्हणजे रोज सकाळी आम्ही दोघं एकमेकांपुढे उभं राहून जिवाची भीक मागत होतो. घरी येताना एक जुना विद्यार्थी स्कूटरवरून हात करून गेला. आजवर अशांना बघून मला अभिमान वाटायचा. त्या दिवशी वाटला नाही.

त्यानंतरचा काळ कठीण गेला. टाके निघाल्यावर जखम औषधाच्या कोमट पाण्यात बुडवायची होती. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्याचा रंग फिकट चहासारखा हवा. आता फिकट चहा कशाला म्हणायचं यावर आमच्या घरात एकमत कधीच नव्हतं, त्यामुळे रोज भांडण. पेटीतली वाळू काढून कागद घातला. त्याच्या खाण्याचे रातकिडे मामी स्वतः आणू लागली. जन्मभर किड्यामागे चप्पल घेऊन धावलेली बाई आता ते मेले तर हळहळते. मी मात्र एकच नियम केला. वरून हात घालायचा नाही, समोरून जायचं, आणि जाण्याआधी इशारा द्यायचा. उजवीकडून येतोय, असं मी मोठ्याने सांगतो आणि उजवा हात बाहेर काढतो. मामी हसते. हसू दे.

मग एका सकाळी मी पेटीपुढे उभा राहिलो तर दाढोबाने हात उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी हवालदिल होऊन डॉक्टरांना फोन केला, हात आखडला की काय? त्यांनी खातोय का, हिंडतोय का, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, हात बरा आहे, काका. त्याला आता तुमची भीती वाटत नाही. खरं सांगतो, मी फोन ठेवला आणि डोळे पुसले. समोर तो बसला होता, आखूड शेपटीचा, मला काहीही न करता.

असो. रविवारी तू त्याला न्यायला येणार, ठीकच आहे. आम्हालाही हायसं वाटेल. स्वयंपाकघरातला रातकिड्यांचा आवाज बंद होईल, दिव्याचं बिल कमी येईल, मामीला गुडघा शेकायला वेळ मिळेल. पेटी पुसून ठेवली आहे. माझ्यावर रागावशील ते समोर येऊन रागव, मी ऐकून घेईन. जपून ये.

तुझा मामा

ता. क. एक सुचलं. जनावराच्या मनात काय आहे ते जनावरालाच विचारावं. रविवारी आलीस की पेटीपुढे उभी राहा. त्याने हात उचलला नाही तर खुशाल घेऊन जा. उचलला, तर बिचारा तुला घाबरतोय असा अर्थ होतो, आणि मग तो इथेच राहील. यापेक्षा सरळ न्याय मला तरी दिसत नाही.

ता. क. मामीने वाचून सांगितलं की हा रडीचा डाव आहे. पोरगी इतक्या महिन्यांनी येतेय, तो हात उचलणारच. पण पत्र फाडू नका असंही तीच म्हणाली. काल तिने रातकिड्यांसाठी मोठा डबा आणलाय.

ता. क. आत्ता पाकीट टाकायला निघालो तेव्हा दाढोबाने माझ्याकडे बघून हात उचलला. मी उन्हासाठी मोठी टोपी घातली होती. टोपी काढली, त्याने हात खाली केला. त्यामुळे हा प्रकार मोजायचा नाही. रविवारी ऊन कडक असेल. टोपी दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवून ठेवतो. घालूनच आत ये.