राजानं खिळा काढला तो भाग

बाबा,

शाळेत पत्रलेखनाला पैकीच्या पैकी गुण मिळवणारी तुमची लेक आज मायन्यावरच अडली. आधी 'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडून टाकलं. तुम्हाला कुणी तशी हाक मारली असती, तर कुणी मोठा माणूस आलाय की काय म्हणून तुम्ही मागे वळून पाहिलं असतं. तेव्हा नुसतं बाबा. दुपारची वेळ आहे. दवाखान्यात माझी आज रात्रपाळी, म्हणजे आत्ता झोपायला हवं, पण डोळ्याला डोळा लागत नाही. तुमची नात शाळेत गेली आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तेरा वर्षांची झाली. उंच आहे, तोंडाळ आहे आणि पळायला लागली की हिंगोलीत तिला गाठायची कुणाची टाप नाही. पुण्याच्या एका खेळाच्या वसतिगृहात तिची निवड झालीय. शाळा तिकडेच, मैदान तिकडेच, घरी यायचं ते सुट्टीला. हो की नाही कळवायला सोमवारपर्यंतची मुदत आहे. तिच्या बापानं हात वर केले, म्हणाला, तू म्हणशील तसं. मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही, म्हणून ती माझ्याशी धड बोलत नाही. आणि त्यात गेल्या रविवारी तुमची ती राजकन्या माझ्या घरात भांडण लावून गेली.

तुम्ही तिला राजकन्या कधी म्हणालाच नाहीत, 'आपली पोरगी' म्हणायचात. कार्टूनच्या चॅनलवर दुपारी चारला यायची ती मालिका, हिंदीत. त्या पोरीच्या सावलीत जादू होती. ती गुरुजींपुढे मान खाली घालून धडा वाचायची आणि तिची सावली भिंतीवरून उतरून गावभर फिरून यायची, बाजारात भांडायची, कैद्यांच्या कोठड्या उघडायची. राजा संतापायचा, पण सावलीचा कान कोण धरणार? मी सहावीत होते तेव्हा ती माझ्याएवढी होती, दोन वेण्यांची. इतर कार्टूनमधली पोरं वर्षानुवर्षं तेवढीच राहतात. ही मात्र वाढत गेली, माझ्या बरोबरीनं. तिचे झगे बदलले, आवाज बदलला, सावली लांबत गेली आणि बापाला उलट उत्तरं द्यायची तिची तऱ्हाही पक्की होत गेली. माझीही होत होती. माय भाकरी थापता थापता म्हणायची, "त्या टीव्हीतल्या बयेनं नासवलं माझ्या लेकराला." तुम्ही मिशीत हसायचात आणि मायनं पाहिलं की हसू गिळायचात.

आपल्या गावाची लाईट आठवडाआड बरोबर त्याच वेळेला जायची. एक आठवडा सकाळी, एक आठवडा दुपारी, असं लोडशेडिंगचं वेळापत्रक होतं. पहिल्यांदा असा भाग हुकला तेव्हा मी जेवायला बसले नाही, भिंतीकडे तोंड करून रडत राहिले. तुम्ही वसमतच्या मोंढ्यातून हळदीची पोती उचलून आला होतात, अंग आंबलेलं, आणि घरात हा तमाशा. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तुम्ही म्हणालात, "काहून रडून राहिली? वसमतला दुपारची लाईट असते. चाचांच्या हाटेलात टीव्ही हाय. तुह्या जागी मी बघून येतो, झालं?" आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून त्या आठवड्यांत 'आपली पोरगी' माझ्याऐवजी तुम्ही पाहायला लागलात. चारच्या चहाला चाचांच्या हॉटेलात बसायचं, क्रिकेट बघणाऱ्यांच्या शिव्या खायच्या, चॅनल बदलून घ्यायचं आणि संध्याकाळच्या बसनं घरी येऊन मला सांगायचं.

ते सांगणं आत्ताही डोळ्यांसमोर आहे. तुम्ही हातपाय धुऊन येता. हाताचा पिवळा रंग जात नाही, तो हंगामभर जायचाच नाही. मायच्या चुलीपाशी पाटावर बसता, पहिला घास घेता आणि मुद्दाम गप्प राहता. मी गुडघ्यावर हनुवटी टेकून वाट बघते. मग तुम्ही म्हणता, "आज लई बेकार झालं," आणि सुरू होता. दुष्ट प्रधानाला तुम्ही मुकादम म्हणायचात. राजाच्या पंगतीत तुमच्याकडून हमखास ठेचा वाढला जायचा. पण गोष्ट चोख सांगायचात. आपला टीव्ही काळा-पांढरा, चाचांचा रंगीत. म्हणून त्या पोरीचे सगळे रंग मला तुमच्याकडून कळले. झगा मुगाच्या पानासारखा हिरवा, केस तांबूस, आणि सावली काळी नाही, निळी. सावली निळी कशी असेल म्हणून मी तुमच्याशी भांडले होते. तुम्ही गळ्याची शपथ घेतली होतीत. नंतर कळलं की दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट तुम्ही मोंढ्यात पोत्यांवर बसून सगळ्या हमालांनाही सांगायचात. "आधी पोरीचं सांगा, मग पोत्याला हात लावतो म्हणतेत," हे तुम्ही किती ऐटीत सांगितलं होतंत.

मग बारावी झाली. मला नांदेडला नर्सिंगला जायचं होतं आणि तुम्ही जवळा बाजारच्या एका घरी शब्द देऊन आला होतात. घर चांगलं होतं, पोरगं सालस होतं, आज मला त्यात काही खोट दिसत नाही. पण पाहुणे बैठकीत बसलेले असताना मी चहाचा ट्रे मायच्या हातात दिला आणि बाहेर आलेच नाही. आतूनच मोठ्यानं म्हटलं, "मला शिकायला जायचंय, त्यान्ला सांगून टाका." पाहुणे गेल्यावर तुम्ही घरात आलात. तुम्हाला तसं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "दोन बुकं शिकली म्हंजी बापाच्या डोक्यावर बसली का तू? माही इज्जत त्या चहासंगं सांडली." मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "तुमी शब्द देताना मला इचारलं व्हतं का?" मायनं तोंडाला पदर लावला. त्यानंतर आपल्या घरात फक्त भांडी वाजत होती. तुम्ही जेवून उठायचात, मी तुम्ही उठल्यावर जेवायचे. मी कपड्यांची एक पिशवी भरून कोठीमागे ठेवली होती. मैत्रीण नांदेडला होती, पहाटेची बस माहीत होती. निघून जायचं ठरलं होतं, फक्त पाय उचलायचा बाकी होता.

त्या आठवड्यात लाईट दुपारीच जात होती. मालिका शेवटाकडे आलेली. राजानं पोरीला महालात अडकवलं होतं आणि तिची निळी सावली लोखंडी खिळा ठोकून जमिनीला जखडली होती, इथवर मी पाहिलं होतं. पुढचं कुणाला विचारणार? तुमच्याशी तर बोलणं बंद. त्या संध्याकाळी तुम्ही आलात, हातपाय धुतलेत, पाटावर बसलात आणि ताटाला हात न लावता मायकडे बघत म्हणालात, "आज त्या पोरीचं काय झालं म्हाईत हाय का?" मायला कशाचा पत्ता असणार. मी दाराशी होते. तुम्ही सांगत गेलात. रातभर राजाला झोप न्हाई. उठला, एकटाच पोरीच्या खोलीत गेला, शिपाई न्हाई का प्रधान न्हाई. खाली बसला आणि आपल्या हातानं खिळा उपटला. हाताची सालटी निघाली. पोरगी बघतच राहिली. राजा म्हणला, जा. पर येत जा. इथवर सांगितलंत आणि तुम्ही हसलात, मोठ्यानं, मोंढ्यात हसावं तसं. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंत. "कोठीमागची पिशवी तशीच राहू दे. जवळ्याला मी सांगून आलो. उद्या दोघं जाऊ बसनं, पिशवी मी घेतो." मला हुंदका आवरला नाही आणि तुम्ही भाकरी मोडून जेवायला लागलात, काही झालंच नाही असं दाखवत.

नांदेडच्या होस्टेलला टीव्ही नव्हता. पुढचे भाग राहून गेले. माझी नोकरी लागली, लग्न झालं ते माझ्या पसंतीनं, विहारात, तुम्ही पांढराशुभ्र सदरा घालून सगळ्यांना जयभीम करत फिरत होतात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. मालिका मी विसरले होते. महिन्याभरापूर्वी तुमच्या नातीला ती मोबाईलवर सापडली आणि आम्ही दोघी रोज एकेक भाग बघायला लागलो. मी तर आधीच सांगायचे, आता हे होईल, आता ते होईल. जे भाग मी डोळ्यांनी पाहिलेच नव्हते, तेही बरोबर निघायचे. झगा मुगाच्या पानाचाच हिरवा. सावली निळी. ठेचा तेवढा दिसला नाही. लेक म्हणायची, "आई, तुला सगळं पाठ कसं काय?" मी फुशारकीनं म्हणायचे, आजोबांमुळे.

रविवारी खिळ्याचा भाग आला. आमच्यात पुण्यावरून धुसफूस चाललेलीच होती, तरी शेजारी बसलो. मी म्हटलं, आता बघ हं, राजा स्वतः येतो आणि खिळा काढतो. राजा आलाच नाही, बाबा. महालातली पोरगी वाट बघत बसली, दाराकडे पाहत. मग तिनं आपल्याच जादूनं ती सावली घोट्यापासून कापली, तोंड दाबून धरलं आणि बिनसावलीची तशीच महालाबाहेर गेली, मागे वळून न बघता. सकाळी राजा येतो तर खोलीत नुसती सावली, खिळ्याला अडकलेली. तो तिच्याजवळ खाली बसतो. अंगावरची शाल काढून तिच्यावर घालतो. तिथं भाग संपतो. लेक म्हणाली, "तू तर म्हणालीस राजा सोडतो. तुला कुणी सांगितलं?" म्हटलं, तुझ्या आजोबांनी. ती उठली, बूट घेतले आणि दारातून म्हणाली, "आजोबा चांगले होते." मग मैदानावर निघून गेली.

बुधवारी हळद आणायची आहे असं सांगून मी वसमतला गेले. हळद काय हिंगोलीत मिळत नाही? चाचा आहेत अजून, गल्ल्यावर मुलगा बसतो, ते बाजूच्या खुर्चीत. मी कुणाची कोण सांगितल्यावर त्यांनी हात धरून बसवलं. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "कार्टून बघून रडणारा हमाल माह्या जिंदगीत एकच पायला, बेटा. तुहे बाबा. ते राजानं शाल टाकली ना, तवा. चहा समोर गार झाला. मी म्हटलं, काय तकलीफ हाय का? तर म्हणले, चाचा, माही पोरगी बी अशीच जाईल. चहा न घेता उठले अन् जवळ्याची जीप पकडली."

म्हणजे तुम्ही सगळं पाहिलं होतंत. इतकी वर्षं मी समजत होते की एक शहाणा राजा तुम्हाला दिसला आणि त्याचं बघून तुम्ही शहाणे झालात. असा राजा नव्हताच. एवढ्या भागांत तुम्ही ठेच्याशिवाय कशाची भर घातली नाहीत आणि हा एक भाग मात्र जवळ्याहून परतताना गाडीत बसून, अवघडलेल्या अंगानं, नवा रचून आणलात. माझ्यावर चिडलेले होतात, चारचौघांत मान खाली गेलेली होती, दिलेला शब्द परत घेऊन आला होतात. आणि घरी येऊन हसलात. ते हसणं मला खरं वाटलं होतं. मला वाटलं, बाबांना पटलं. पटलं वगैरे काही नव्हतं, तुम्ही घाबरला होतात.

त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलं असतंत, की पोरी, मला तुझी धास्ती वाटतेय, तू डोळ्यांआड झालीस तर माझं कसं व्हायचं, तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी पिशवी रिकामी केली असती. भांडणारी होते, पण तुमच्या डोळ्यांतलं पाणी ओलांडून जाण्याइतकी नव्हते.

मघाशी पुण्याला फोन करून मी हो कळवलं. तिला अजून माहीत नाही. शाळेतून आली की सांगेन, आणि हसत सांगेन. तेवढ्यासाठी हे लिहायला बसले, बाबा. हे कुठं टाकायचं नाही, कुणाला वाचून दाखवायचं नाही. मला फार भीती वाटतेय. तिला हे कधी कळू देणार नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं.