पाच लेखांची उणीदुणी

४ फेब्रुवारी
नापास! सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही वाचनात. बावीस वर्षं भाषाशास्त्र विभागाच्या लायब्ररीत अंक लावते, पुसते, ज्याला हवा त्याला शोधून देते. आणि गटांगळी कुठे खाल्ली, तर त्याच विभागाच्या अभ्यासक्रमातल्या 'संशोधनाचं चिकित्सक वाचन' ह्या पेपरात. बाकी सगळ्यात पास.

गाइडबाईंनी माझी पाची परीक्षणं परत दिली. (विभागात त्यांना सगळे 'लाल पेन' म्हणतात. समोर नाही.) पाचही लेखांबद्दल मी लिहिलं होतं — 'लेख अत्यंत अभ्यासपूर्ण व उद्बोधक आहे.' खाली लाल शाईत: 'हे परीक्षण आहे की निरोपसमारंभाचं भाषण?'

दोनच संधी असतात. एक गेली. आता एप्रिलपर्यंत नवे पाच लेख, भाषाशास्त्राच्या पाच शाखांतला एकेक, आणि वर बाहेरच्या परीक्षकांसमोर तोंडी. ह्या वेळी आपटले तर नाव कमी. मग आहेच फडकं आणि कपाट. शिवाय विभागातले सगळे 'असू द्या हो ताई' म्हणत राहणार, ते मला नापास होण्याहून जास्त झोंबेल.

५ फेब्रुवारी
लाल पेन म्हणाल्या, 'तुम्ही फार चांगल्या आहात, हाच प्रॉब्लेम आहे. छापलेलं दिसलं की हात जोडता. माणसं किती तपासली, कोण होती, कुणी मोजलं, काय मोजलं नाही, एवढं विचारत जा. उणीदुणी काढा. घरी काढत नाही का?'

घरी काढते. पण तिथे संदर्भसूची द्यावी लागत नाही.

९ फेब्रुवारी
सराव सुरू. जेवताना हे म्हणाले, 'हल्ली कोणी म्हणून वेळेवर येत नाही.'
'सॅम्पल किती?'
'काय?'
'किती जणांवरून म्हणताय?'
'दोन. एक डॉक्टर आणि एक कुरिअरवाला.'
'दोघांवरून "कोणी म्हणून" असा निष्कर्ष निघत नाही.'
हे ताट उचलून गॅलरीत जाऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, 'बरोबर बोललीस गं. पण जेवू दे की त्याला.'

१४ फेब्रुवारी
लेख पहिला, ध्वनिशास्त्र. दातांची कवळी लावणाऱ्यांना 'स' नीट उच्चारता येत नाही, असा सिद्धान्त. चाळीस माणसं, तक्ते, आलेख. सगळं कसं देखणं! तीन दिवस चूक शोधतेय, एक सापडेना.

शेवटी ह्यांना वाचून दाखवला. ह्यांचा धंदाच कवळ्या बनवण्याचा, पंचवीस वर्षांचा. ह्यांनी एकच विचारलं, 'कवळी बसवली कधी?' पाहिलं. त्याच दिवशी सकाळी. हे इतके हसले की हातातला साचा खाली ठेवावा लागला. 'अगं, नव्या कवळीने पहिल्या दिवशी माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नाही! महिन्याने बोलवा म्हणावं. नवे बूट घालून पळायला लावायचं आणि लिहायचं, बुटांमुळे माणूस लंगडतो.'

खात्री करायला सासूबाई होत्याच. कवळी ह्यांनीच केलेली, अकरा वर्षं जुनी. साठ शब्द वाचायला दिले. एकही 'स' घसरला नाही. वाचून झाल्यावर विचारतात, 'पास का मी?' पहिल्या नंबराने, म्हटलं.

२० फेब्रुवारी
लेख दुसरा, वाक्यरचना. हे गृहस्थ दीडशे वाक्यं स्वतःच बनवतात, स्वतःच वाचतात आणि 'असे वाक्य कोणीही बोलणार नाही' हे स्वतःच ठरवतात. तळटीपेत कबुली आहे: 'पत्नीचेही मत घेतले. ते वेगळे पडले, परंतु ती त्या दिवशी थकलेली होती.'

मी लिहिलं, 'लेखात साक्षीदार एकूण दोन. त्यांतला एक थकल्यामुळे बाद.' लाल पेननी समासात लिहिलं, 'चालेल.' बावीस वर्षांत मला त्यांच्याकडून मिळालेलं हे सगळ्यात मोठं बक्षीस.

२८ फेब्रुवारी
लेख तिसरा, भाषेचा वापर. तीनशे लोकांना छापील प्रश्न: 'शेजाऱ्याकडे शिडी मागताना काय म्हणाल?' सगळ्यांनी 'कृपया', 'आपणांस त्रास होणार नसेल तर' वगैरे लिहिलं. निष्कर्ष — समाज अत्यंत विनम्र आहे.

गॅलरीत कपडे वाळत घालत होते तेवढ्यात समोरचे ओरडले, 'ओ, शिडी रिकामी आहे का? टाका इकडे!' टाकली पण लगेच. कागदावर सगळेच सज्जन. मीसुद्धा ह्या वहीत प्रत्यक्षापेक्षा बरीच बरी वागते.

७ मार्च
आज तोल गेला. नणंदेचा फोन. नव्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी म्हणे गुडघा दोन दिवसांत बरा झाला. मी म्हणून बसले, 'ताई, आणि गोळ्या न घेता दोन दिवस थांबला असतात तर?' फोन बंद.

हे म्हणाले, 'ती माझी बहीण आहे. लेख नाही.' खरंय. परत फोन करून माफी मागितली. ताई म्हणाल्या, 'परीक्षा संपेपर्यंत तुझ्याशी फक्त हवापाण्यावर बोलेन.'

१० मार्च
चौथा एका दमात झाला. समाज आणि भाषा. दुकानदार कसे बोलतात हे टिपायला संशोधक काउंटरवर रेकॉर्डर मांडून समोर खुर्ची टाकून बसला. दोन महिन्यांत एकाही दुकानदाराच्या तोंडून एक शिवी निघाली नाही. ह्याला तो 'लक्षणीय निष्कर्ष' म्हणतो.

१८ मार्च
पाचव्यापाशी अडले. मुलं बोलायला कशी शिकतात, ही शाखा. ह्या लोकांची जुनी रीत आहे — घरात मूल झालं की वही काढायची आणि ते काय बोलतं ते रोज टिपायचं. लेखिका भाषाशास्त्रज्ञ, मुलगी तिची स्वतःची. नाव दिलेलं नाही, नुसतं 'मूल क'. नऊ महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत.

लेख सव्वीस वर्षांपूर्वीचा, त्यामागच्या वह्या त्याहून कितीतरी जुन्या, पण अजून सगळे तो वाचतात. पानं हाताळून मऊ पडलीत, दोनदा मीच चिकटवलीत. तारीख, शब्द, कुणाला उद्देशून, हातात काय होतं — सगळं. एकच मूल तपासलंय हे तर लेखिका पहिल्याच पानावर कबूल करते. मग मी काढू काय? हात पुन्हा जोडले जायला लागलेत.

२१ मार्च
सासूबाईंनी सोडवलं! दुपारी सहज विचारलं, हे कधी बोलायला लागले?

'तीन वर्षं तोंड उघडलं नाही त्यानं,' म्हणाल्या. 'ऐकू येतं की नाही म्हणून रोज त्याच्या मागे जाऊन ताटली आपटायचे. वळून बघायचा आणि हसायचा नुसता. एकदा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. तो दिवस अजून जसाच्या तसा आठवतो.'
'आणि पहिला शब्द?'
'तो नाही बाई आठवत. बोलला असेल काहीतरी.'
हे आतून म्हणाले, 'अजून तरी कुठे बोलू देता?'

मी धावत जाऊन लेख उघडला. सव्वादोन वर्षं, म्हणजे आठशेवीस दिवस. नोंदी मोजल्या, दोनशे अकरा. उरलेले सहाशे नऊ दिवस गेले कुठे? मूल गप्प बसलं असा एक दिवस नाही. ताप नाही, रडणं नाही, आईची काळजी नाही. बोलली तर ती वहीत, नाही बोलली तर जशी घरातच नव्हती. आणि त्यावरून म्हणायचं, की मुलं रोज नवं काही बोलतात!

२३ मार्च
लिहून झालं. चार पानं. शेवटचं वाक्य असं: 'गप्प दिवस न मोजणारी ही लेखिका आई कमी आणि कारकून जास्त वाटते.' स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं. काय उतरलंय! लाल पेननी चष्म्यावरून पाहिलं. 'शिकलात,' म्हणाल्या. पाची परीक्षणं पाकिटात बंद होऊन परीक्षकांकडे रवाना.

२ एप्रिल
मेले. परीक्षक कोण ते आज कळलं. मी शिडीवर चढून वरचा खण लावत होते. लाल पेन खालून सहज म्हणतात, 'मोठ्या बाई आहेत. आई पण ह्याच विषयातली. तशा त्या लहानपणापासूनच प्रसिद्ध म्हणा. मूल क, त्याच!'

मी शिडीवरच बसले.
'तुम्हाला माहीत होतं?'
'अर्थात.'
'मग सांगितलं का नाही?'
'सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा भाषण लिहिलं असतं.'

आई चार वर्षांपूर्वी गेल्या, हेही वर सांगितलं. म्हणजे जिच्या हातात माझा निकाल, तिच्या गेलेल्या आईला मी कारकून म्हटलंय. टाइप करून, तीन प्रतींत.

३ एप्रिल
वाक्य मागे घेता येतं का, विचारून आले. एकटं वाक्य नाही, घ्यायचं तर अख्खं परीक्षण मागे घ्यायचं आणि दुसऱ्या लेखावर लिहायचं. चार दिवस देतात. अर्ज लिहूनसुद्धा झाला.

हे म्हणाले, 'मुद्दा खरा आहे का?'
'आहे.'
'मग झालं तर.'
सासूबाईंना वेगळंच लागलं होतं. 'कारकून म्हटलं तर एवढं काय बिघडलं? माझे वडील कारकून होते. चांगले होते.'

अर्ज फाडला. भीती वाटते, खोटं का बोलू! पण पहिल्यांदा मला स्वतःला काहीतरी दिसलंय. ते सोडून पास झाले, तर तो पास काय कामाचा? वाक्य मात्र आगाऊ आहे. त्याची माफी मागायची.

१२ एप्रिल
तोंडी झाली. मूल क आता अठ्ठावन्न वर्षांची आहे, ठेंगणी, केस पिकलेले. खोलीत शिरले तेव्हा चहात बिस्किट बुडवत होत्या. ते तुटून कपात पडलं. चमच्याने शांतपणे काढून खाल्लं. मग खुर्ची ओढून बसायचा मला धीर आला.

पहिले चार लेख दहा मिनिटांत आटोपले. थकलेल्या बायकोला त्या मोठ्याने हसल्या. मग पाचवा. माझं शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. सावकाश. लाल पेन खिडकीबाहेर बघायला लागल्या.

'समजावून सांगा,' म्हणाल्या. सांगितलं. आठशेवीस, दोनशे अकरा, सासूबाई, ताटली, दवाखान्याची पायरी, सगळं. कुठेही थांबले नाही. मग म्हटलं, 'वाक्य चुकलं. माफी मागते.'
'वाक्याची मागा. मुद्द्याची मागू नका.' मग कागद उलटत, 'पण आईनं गप्प दिवस लिहिलेच नाहीत, हे कशावरून?'
'लेखात नाहीत, म्हणून.'
त्यांनी कागद गोळा केले आणि 'निकाल कळवू' म्हणून उठल्या.

१६ एप्रिल
पास! निकालाबरोबर एक जाड पाकीट आलं. आत कापडी पुठ्ठ्याची जुनी वही आणि चिठ्ठी: 'आईची नजर गेली होती, म्हणून वह्यांतून निवड करून लेख मी तयार केला. मी बोलले त्या तारखांखाली तिने रेघ ओढलेली असे. तेवढ्याच घेतल्या. बाकीची पानं आजवर वाचलेली नाहीत. ती माझ्यावर निराश झाली असेल असं वाटायचं. अशा सतरा वह्या अजून आहेत. आधी तुम्ही वाचा, आणि काय आहे ते मला सांगा.'

रेघ नसलेली पहिली तारीख काढली. 'आज दिवसभर एक शब्द नाही. दोघी खिडकीत बसून होतो. तिला कंटाळा आला नाही, मलाही नाही.'