शेवटचं बटण

१० जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. तुम्ही शिवलेला झगा झकास बसला. पायघोळ, राखाडी, तोंडापुढे जाळी. आरशात पाहून मीच दचकले. इथे आमच्या पक्षी-संवर्धन केंद्रात क्रौंचाच्या पिल्लाला माणसाचं तोंड दाखवायचं नाही, आवाजही ऐकू द्यायचा नाही, असा कडक नियम आहे. माणसाळलेलं पिल्लू रानात टिकत नाही, मग त्याला जन्मभर पिंजऱ्यात ठेवावं लागतं. म्हणून हातात क्रौंचाचं लाकडी डोकं धरून त्याच्या चोचीने मी किडे भरवते, तेही मुकाट्याने. मी दिवसभर गप्प असते हे आईला सांगा, तिचा विश्वास बसणार नाही.

यंदा एकच पिल्लू जगलंय. देशभरातली तळी बुजत चालली, मोकळे उरलेले क्रौंच आता एका तळ्याकाठी मावतात. त्यामुळे आम्हा सगळ्यांचा जीव त्या पिल्लात अडकलाय.

खोकल्याचं खरं खरं कळवा. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.

तुमची,
ठमी

२२ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

खोकला बरा आहे. आई नाही म्हणते, तिकडे लक्ष देऊ नकोस. झग्याचं शेवटचं बटण लाल आहे, ते पाहिलंस ना? राखाडी बटणं डबाभर होती, पण तुझ्या शाळेच्या पहिल्या गणवेशापासून शेवटचं बटण लालच लावत आलोय, गर्दीत तू हरवू नयेस म्हणून. हाताला लागलेली सवय, सुटते थोडीच! पिल्लाला आमचा आशीर्वाद सांग, म्हणजे मनातल्या मनात.

तुझा,
बाबा

१८ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, घोटाळा झालाय. पिल्लू तुमच्या बटणावर भाळलंय. माझाच झगा दिसला की धावत येतं, बाकीच्यांच्या झग्यांकडे ढुंकून बघत नाही. केंद्राच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका माणसाला ओळखायला लागलं म्हणजे काम बिघडलं; हा नाद सुटला नाही तर पिंजराच. बटण काढून पाहिलं, तर त्याने खाणंच सोडलं. पुन्हा लावावं लागलं. मी जाळीआड रडले, तेही आवाज न करता. तुमच्यावर रागावलेले नाही. पण काय करू ते सुचत नाही.

ठमी

२६ जुलै

चि. ठमीस,
आशीर्वाद.

पत्र वाचल्यापासून मशीनवर बसलो नाही. माझ्या हौसेपायी त्या जिवाला पिंजरा नको गं. सोबत मूठभर लाल बटणं पाठवतोय. सगळ्यांच्या झग्यांना लाव, म्हणजे कुणी एक ओळखू येणार नाही. मूर्खपणा वाटला तर हसून सोडून दे.

बाबा

३० सप्टेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बटणं पाहून डॉक्टरीणबाई खरंच हसल्या. पिल्लू मग सगळ्याच माणसांमागे फिरेल म्हणाल्या. पण त्यावरून मला सुचलं, बटण माणसाच्या अंगावर हवंच कशाला? शेजारच्या कुंपणात पंख मोडलेली म्हातारी क्रौंचीण आहे. तिच्या पायातल्या ओळखखुणेच्या कड्याला एक बटण बांधलं. पिल्लू गेलं की मागोमाग! म्हातारीने आधी टोचून हाकललं, मग तोंडदेखलं हाकललं, आणि शेवटी पंखाखाली घेतलं. पुढे बटण काढून घेतलं तरी पिल्लू तिलाच धरून राहिलं. माझा झगा समोरून गेला तरी मान वर करीना.

काल त्याला तळ्यावरच्या थव्यात सोडलं. आम्ही आवाज न करता टाळ्या वाजवल्या. ते सरळ थव्यात जाऊन मिसळलं, मागे वळून बघितलंसुद्धा नाही. तेच तर हवं होतं. तरी बाबा, एकदा बघायला काय हरकत होती हो?

तुमची,
ठमी

८ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तू नोकरीला निघालीस त्या सकाळी बस वळेपर्यंत मी हात वर करून उभा होतो. तू मागे पाहिलं नाहीस. जागा धरायची घाई असेल, असं आई म्हणाली. पण मी बरेच दिवस मनातून रुसलो होतो, तुला कळू दिलं नाही. परवाच्या पत्राने रुसवा गेला. पोर धड वाढलं की असंच सरळ निघून जातं, आणि वाढवणाऱ्याने जाळीआड डोळे पुसायचे.

मात्र तू काही क्रौंच नाहीस, तेव्हा सुट्टी मिळताच घरी यायचं. थंडीचा कोट पाठवतोय. घालण्याआधी शेवटचं बटण बघ.

तुझा,
बाबा