क्वार्टरबॅक संपला, हे कुणी सांगायचं?

ब्रॅडक क्रीक, पेनसिल्व्हेनिया
सोमवार, १० नोव्हेंबर १९९७

प्रिय ओवेन,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच फेकलं असतंस, म्हणून पत्ता मुलीकडून लिहून घेतला. तो तुझ्या बहिणीनं, मेरेडिथनं दिला. आमच्या चर्चात शुक्रवारी बटाटा भरलेल्या पिरोगी विकतात, तिथल्या रांगेत ती भेटली. ओरेगॉनला तुमचं बरं चाललंय, ग्लेनिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, असं म्हणाली. माझेही दोन्ही गुडघे कामातून गेलेत. माझी वेरोना जाऊन मार्चमध्ये तीन वर्षं होतील. ती दर ख्रिसमसला तुमच्यासाठी कार्ड आणायची आणि मी ते टपालपेटीत टाकायला विसरायचो. निदान तिला तरी 'विसरलो' असंच सांगायचो.

आपला फुटबॉल संघ नऊपैकी सात सामने हरलाय. अजून 'आपला'च म्हणतो बघ. मिल बंद पडली, पण मैदान तेच आहे आणि पूर्वेकडच्या बाजूला पाणीही तसंच साचतं. परवा तिथे उभा होतो तर सगळं आठवलं. शिफ्ट सुटली की आपण काळ्याकुट्ट हातांनी सरावाला पळायचो आणि बॅनन कोच ओरडायचा, "हात धुवा रे गाढवांनो, चेंडू कुठला नि हात कुठला, कळत नाही!" हरून परत येताना बसमध्ये तू तुमची वेल्श स्तोत्रं सुरू करायचास. गस डेम्को म्हणायचा, "आधी हरलो, आता वर ही शिक्षा." पण तिसऱ्या कडव्याला सगळ्यात मोठा आवाज त्याचाच असायचा.

गुरुवारी नव्या कोचनं, फॅरोनं, आम्हा जुन्यांना स्लोव्हाक क्लबात बोलावलं. विषय होता नील रुसिन. रुसिन आपला क्वार्टरबॅक, तुझ्याच जागेवरून चेंडू फेकतो. वय पस्तीस, अकरावा हंगाम, एरवी घरांची छपरं घालतो. त्याला ठेवायचं, की बाकावर बसवून कॉलेजातून आलेल्या नव्या पोराच्या हाती चेंडू द्यायचा? आणि देणारच असू तर दहाबारा जुने काढून सगळा संघच नव्यानं बांधायचा का?

"त्या पोराला अजून नीट दाढी आली नाही!" कुणीतरी म्हणालं.

"दाढीनं फेकतात काय चेंडू?" गस म्हणाला. "तो रुसिन चेंडू सोडेपर्यंत माझी बिअर संपते."

"अरे, पण त्याच्यापुढची गड्यांची भिंत बघ की! चाळणी झालीय नुसती. बिचारा चेंडू धरतो न धरतो तोच उताणा."

"मग भिंत बदला."

"भिंत बदला, माणूस बदला, कोच बदला. तुम्हाला बदलायला कुणी मिळालं नाही वाटतं अजून?"

असं तासभर चाललं. फॅरो पोरगेलासा आहे, पण शहाणा. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मिस्टर हुडाक, तुम्ही सेंटर होतात. क्वार्टरबॅक संपला हे सगळ्यात आधी त्याला चेंडू देणाऱ्या सेंटरला कळतं म्हणतात. तुम्ही सांगा."

"विचारा, विचारा," गस म्हणाला. "ओवेन प्रॉसरपुढे सात वर्षं वाकून उभा होता हा!"

सगळे हसले. मी कोट उचलला आणि घरी आलो.

ओवेन, हाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेलाय.

सत्तरचा ऑक्टोबर तुला आठवत असेल. बॉयलरच्या खोलीमागे नेऊन तू मला म्हणालास, "लॅडी, शेवटची दोन बोटं मेलीत. चेंडू हातात आलाय की नाही, कळतच नाही." कुणाला सांगू नकोस म्हणालास, ग्लेनिसलासुद्धा. त्या दिवसापासून पायांमधून चेंडू मागे देताना मी तो जरासा फिरवून द्यायला लागलो, म्हणजे शिवण बरोबर तुझ्या जित्या बोटांखाली यावी. समोर अडीचशे पौंडांचा राक्षस अंगावर यायला टपलेला, आणि माझं सगळं लक्ष त्या शिवणीवर. उरलेला हंगाम आपण तसा काढला. मिलमध्ये तीस वर्षं काम केलं, पण इतकं नाजूक काम माझ्या हातून दुसरं झालं नाही.

मग एकाहत्तरच्या ऑगस्टमध्ये बॅननने मला गाड्यांपाशी गाठलं. "प्रॉसरच्या हाताला काय झालंय?" मी सांगितलं. दहा दिवसांनी त्यानं तुला काढलं. मी संघाच्या भल्यासाठी सांगितलं. तुझा हात वाचावा म्हणूनही सांगितलं.

मंगळवार

काल पत्र इथेच संपवून सही केली होती. सहीचा तेवढा तुकडा फाडला.

बॅननच्या हातात यादी होती. काढायच्या माणसांची, अकरा नावं. नववं माझं होतं. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "नव्या पोराजवळ मला एक जुना, खरं बोलणारा माणूस लागेल." मग मी बोललो. आधी यादी पाहिली, ओवेन, आणि मग बोललो. हे वेरोनालाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी आपण लीग जिंकलो. म्हणजे आम्ही जिंकलो.

फॅरो उत्तराची वाट पाहतोय. तुला विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. काय सांगू त्याला?

लॅडी हुडाक

—

सेलम, ओरेगॉन
२४ नोव्हेंबर १९९७

लॅडी,

अक्षर मुलीचं असेल, पण पाकिटाला एवढी चिकटपट्टी जगात फक्त तूच लावतोस. तरी फोडलं.

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, माझ्या जागी आलेल्या त्या विटलॉकनं सरावात माझी बोटं पाहिली आणि जाऊन सांगितलं. सव्वीस वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. गेल्या वर्षी तो वारला. त्याच्या बायकोला मी दोन ओळीसुद्धा पाठवल्या नाहीत. आता पाठवतोय. काय लिहावं सुचत नाही.

पत्र वाचून दोन दिवस गॅरेजातून बाहेर आलो नाही. ग्लेनिस ताट तिथेच आणून द्यायची. बहात्तरमध्ये माझ्या कोपराचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाला होता की अजून एक हंगाम खेळला असतात तर मूठ कधीच वळली नसती. त्या हातानं मी तीन मुली खांद्यावर चढवल्या. म्हणजे हात तुझ्यामुळे राहिला. हे मी मानतो. राग आलाय, तोही खरा आहे. एकानं दुसरं फिटत नाही.

यादीचं मला समजतं. तुला दोन मुलं होती, वेरोनाला तिसरं होणार होतं आणि मिलमध्ये माणसं कमी करत होते. माझं नाव असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. पण त्यानंतरचे दहा दिवस तू रोज दुपारी माझ्याशेजारी बसून डबा खाल्लास. माझ्या डब्यातली ग्लेनिसची केकची फोडही उचललीस. ते मला गिळवत नाही.

रुसिनचं विचारतोस. कोचकडे जाण्याआधी त्याच्याकडे जा. तोंडावर सांग. आणि फॅरोला म्हणावं, बांधा संघ नव्यानं, पण सगळे जुने एका दमात काढू नका. मार खाऊन पुन्हा उठायचं कसं, हे त्या पोराला कोण दाखवणार? बॅननने तुला ठेवलं ते बरोबरच केलं. हे वाक्य लिहायला मला पाव तास लागला.

अजून एक. ग्लेनिसनं तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, "सगळं लिहिलंय रे यानं, पण 'चुकलो' कुठे म्हणालाय?" मीही शोधलं. नाही सापडलं.

ओवेन प्रॉसर

—

ब्रॅडक क्रीक
८ डिसेंबर १९९७

प्रिय ओवेन,

तुझं पत्र आलं त्याच दुपारी रुसिनकडे गेलो. तो शिडीवर चढून पन्हळातली पानं काढत होता. वर बघत बोलणं मला जमेना. म्हटलं, "खाली ये, बाबा. बरं ऐकवायला आलेलो नाही."

तो उतरला. मी सांगितलं, "तुझा चेंडू उशिरा सुटतोय. डोळ्याला दिसतं, पण खांदा ऐकत नाही. मी हे फॅरोला सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून आलो."

त्यानं हातमोजे काढले. वाटलं, आता देतो एक ठेवून. म्हणाला, "कोण तुम्ही मला शिकवणारे? शेवटचा चेंडू कधी धरलात?"

"पंचवीस वर्षं झाली," मी म्हणालो.

"मग?"

मग मी त्याला तुझी गोष्ट सांगितली. तुझं नाव घेतलं, माझंही. यादीसकट सगळी. तिथेच पायरीवर बसून. गार वारा सुटला होता, त्याची बायको दोनदा दारात येऊन गेली. ऐकताना तो खांदा चोळत होता. मग म्हणाला, "घरात सगळे म्हणतात, अजून एक वर्ष. मी म्हणतो, अजून एक वर्ष. रात्री कूस बदलता येत नाही, ते कुणाला सांगू?" तेवढ्यात बायकोनं आम्हाला आत ओढलं आणि कोबी-नूडल्स वाढल्या. त्याला तिनं दोनदा वाढलं.

फॅरोकडे आम्ही दोघं मिळून गेलो. मला बोलावंच लागलं नाही. रुसिन म्हणाला, "उरलेले सामने पोराला द्या. मी बाकावर त्याच्या शेजारी बसेन." फॅरोनं तुझंही ऐकलं. दहाऐवजी पाचच जुने गेले. गस त्या पाचांच्या बाजूनं अजून भांडतोय.

काल पोरगं पहिल्यांदा उतरलं. हरलो, एकतीस-सहा. सात वेळा त्याला लोळवलं. दर वेळी रुसिन कडेला उभा राहून ओरडत होता, "ऊठ! पाय मोजत बसू नकोस, ऊठ!" आणि ते उठत होतं. लोक थांबले, ओवेन. एकतीस-सहा आणि शेवटपर्यंत निम्मी माणसं थांबली होती. हे तुला सांगावंसं वाटलं आणि सांगायला दुसरं कुणी नाही.

आता ग्लेनिसचं.

तिला सांग, तिनं बरोबर पकडलं. तो शब्द लिहिला की तू उत्तर द्यायला बांधला जातोस, म्हणून टाळला, अशी मी मनाची समजूत घातली होती. तेही खरं नाही. लिहिला असता तर ते दहा दिवसही लिहावे लागले असते. रोज डबा उघडताना वाटायचं, आज सांगू. तू हसत काहीतरी बोलायचास आणि मी केकची फोड तोंडात घालायचो, म्हणजे बोलायला नको.

मी चुकलो, ओवेन. बॅननला सांगितलं तेव्हा, आणि नंतरच्या दहाही दिवशी. तू माफ करावंस म्हणून लिहीत नाही. तुझ्या हातात हे कागदावर असावं, म्हणून लिहितोय.

तुझा,
लॅडिस्लॉस हुडाक